न्यायसहायक रसायनशास्त्रातला पहिला पेपर: प्रश्न निवडण्यापासून प्रूफ तपासण्यापर्यंत

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, कोणत्या मशीनवर पेपर लवकर होईल?" जीसी-एमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) मिळेल का, कुणाच्या ओळखीने रामनवर (लेसरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखणारं यंत्र) दोन दिवस बसता येईल का, अशी सगळी चौकशी करूनच ती आलेली असतात. माझा उलटा प्रश्नही ठरलेलाच. मशीनचं नंतर बघू. तुझी पद्धत चुकली तर कोणाचं काय होईल, ते आधी सांग.

मुलांना हा प्रश्न खवचट वाटतो, पण आपल्या विषयातला, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासासाठीच्या रसायनशास्त्रातला, शोधनिबंध किंवा पेपर कोण वाचतं याचा विचार करा. मुंबईत कालिन्याच्या किंवा नागपूरच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत बसलेले सहायक रासायनिक विश्लेषक तो वाचतात आणि त्यावरून आपली पद्धत बदलतात. त्यांचा सी.ए. (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली थेट पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो. विश्लेषकाला साक्षीला बोलावलंच, तर बचाव पक्षाचा वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "ही टेस्ट किती वेळा चुकते?" याचं उत्तर तुमच्या पेपरमध्ये असलं पाहिजे. आलेख कितीही देखणे असले तरी ते नसेल तर पेपर अर्धाच.

या विषयाची सुरुवातच एका फसलेल्या साक्षीतून झाली आहे. १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांना आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिकचा पिवळा साका (द्रावणात तळाला बसणारा घन पदार्थ) काढून दाखवला होता, पण ज्युरीसमोर नेईपर्यंत तो खराब झाला आणि आरोपी सुटला. मार्श चिडला, कामाला लागला आणि १८३६ मध्ये त्याने आपली प्रसिद्ध चाचणी छापली. साका मिळाला होता, तो टिकला नाही. आजच्या भाषेत, नमुन्याच्या स्थिरतेचा अभ्यास राहून गेला होता.

सध्या वारं कुठे आहे

विषय निवडण्याआधी लोक कशावर काम करताहेत हे माहीत हवं. मात्र वाऱ्यामागे धावायलाच हवं असं नाही.

सगळ्यात जोर आहे तो जागेवरच होणाऱ्या तपासणीला. हातात मावणारे रामन आणि एफटीआयआर (अवरक्त प्रकाशाने पदार्थ ओळखणारं यंत्र), कागदी पट्टीवरच्या रंगचाचण्या, मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग मोजणं. आपल्याकडे याला कायद्याचंही कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. फिरत्या प्रयोगशाळेची व्हॅन तिथे पोहोचते, पण व्हॅनमध्ये चालतील अशा आणि नीट प्रमाणित झालेल्या चाचण्या किती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दुसरा मोठा प्रवाह नव्या नशिल्या पदार्थांचा. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाकडे अशा हजाराहून अधिक पदार्थांची नोंद झाली आहे. रेणूची एक शेपूट बदलली की जुनी किट त्याला ओळखत नाही. म्हणून आधी यादी न ठरवता शोध घेणारी, उच्च विभेदनाची मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखणारी पद्धत) पुढे आली. नमुना फारसा तयार न करता थेट आयनीकरण (रेणूंना विद्युतभार देणं) करणाऱ्या डेसी (२००४) आणि डार्ट (२००५) या पद्धती आता रुळल्या आहेत. शिसं नसलेली काडतुसं आल्यामुळे गोळीबाराच्या अवशेषांत शिसं-बेरियम-अँटिमनी शोधणं पुरेसं राहिलेलं नाही, म्हणून सेंद्रिय अवशेषांवर काम वाढलं.

आणि केमोमेट्रिक्स, म्हणजे रासायनिक मोजमापांवर संख्याशास्त्र चालवणं. शाई, माती, काच, पेट्रोल, लिपस्टिक, काहीही घ्या, स्पेक्ट्रम (यंत्रातून मिळणारा पदार्थाचा ठसा) काढा, पीसीए (आकड्यांतले मुख्य फरक वेगळे काढणारी पद्धत) करा, मशीन लर्निंग लावा, '९९ टक्के अचूक' लिहा. यातलं चांगलं काम फारच चांगलं आहे आणि वाईट काम पोत्याने आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

प्रश्न आपल्या आसपासचा घ्या

उदाहरण म्हणून एकच प्रकल्प शेवटपर्यंत धरून ठेवू: हातभट्टीच्या दारूतलं मिथेनॉल (विषारी अल्कोहोल), जागेवर, मोबाइलने मोजणं.

विषय साधा वाटतो. पण डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने जे झालं ते मुंबईकर विसरलेले नाहीत. मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. अशा वेळी पहिल्या दोन तासांत वस्तीतला कोणता कॅन विषारी आहे हे कळलं, तर पुढचे जीव वाचतात. आता प्रश्नाला धार आली. 'मोबाइलने मिथेनॉल ओळखणे' हा विषय झाला. 'आंबवलेल्या पदार्थांपासून गाळलेल्या दारूत धोकादायक पातळीचं मिथेनॉल आहे की नाही, हे घटनास्थळी किती चुका करत सांगता येतं' हा प्रश्न झाला. पेपर दुसऱ्यातून होतो.

विदर्भात असाल तर फवारणीच्या कीटकनाशकांचे प्रश्न दाराशी आहेत. कोकणात बोटीच्या डिझेलचे आहेत, पुण्यात बनावट औषधांचे. जवळच्या प्रयोगशाळेत गाइडमार्फत जा आणि तिथल्या माणसाला विचारा, "सर, कोणत्या प्रकारच्या केसमध्ये रिपोर्ट द्यायला हात अडतो?" अर्धा तास ऐका आणि लिहून घ्या. तेवढ्यात तीन पेपरचे विषय मिळतात.

वाचन: आधी पन्नास गोषवारे, मग दहा पेपर

पेपर शोधायला स्कोपस, पबमेड, गूगल स्कॉलर हे नेहमीचेच. भारतातलं पीएच.डी.चं काम शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर फुकट आहे आणि मुलं तिथे फारशी जात नाहीत, हे नवलच. सरकारी कॉलेजात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून सुमारे १३,००० नियतकालिकं वाचता येतात. ग्रंथपालांना जाऊन लॉगिन विचारा. पेपर मिळत नाही ही सबब आता फारशी चालणार नाही.

एका वहीत प्रत्येक पेपरसाठी चारच गोष्टी लिहा: नमुने किती आणि कुठून आणले, खरे की प्रयोगशाळेत बनवलेले, ब्लँक (शोधायचा पदार्थ नसलेला तुलनेचा नमुना) काय घेतला, काय चुकलं. चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तुमच्या कामाची जागा तिथेच असते.

नमुने: इथेच बहुतेकांची नाव बुडते

एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे (१९८५) कॉलेजला गांजा, हेरॉइन, एमडी (मेफेड्रोन) यांचे शुद्ध स्टँडर्ड (तुलनेसाठीचे नमुने) सहज मिळत नाहीत. त्यासाठी परवानगी लागते आणि तिला वर्ष सहज जातं. एवढा वेळ हातात नसेल तर त्या पदार्थांचा नाद सोडा. कोर्टाचा मुद्देमाल कोणी ओळखीने 'थोडासा' देतो म्हणाला, तरी हात लावू नका. माणसाचं रक्त, लघवी किंवा व्हिसेरा वापरायचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, काम संपल्यावर नव्हे. मंजुरीचा क्रमांक पेपरमध्ये छापावा लागतो आणि मागची तारीख टाकून तो मिळत नाही.

दारूचंही तसंच. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. काळा गूळ आणि नवसागर आणून प्रयोगशाळेत 'नमुन्यापुरती' भट्टी लावायची कल्पना दर वर्षी एखाद्याला सुचतेच. तो गुन्हा आहे, बाबांनो. कॉलेजच्या स्पिरिट परवान्यातलं इथेनॉल, परवानाधारक दुकानातली देशी दारू आणि प्रयोगशाळेने लेखी परवानगीने तपासून दिलेले निकाली नमुने, एवढ्यावर काम उभं राहतं.

आता खरी गंमत. आमच्या प्रकल्पात क्रोमोट्रॉपिक आम्लाची जुनी चाचणी होती. फॉस्फोरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेटने मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करायचं, उरलेला परमँगनेटचा रंग बायसल्फाइटने घालवायचा, मग संहत गंधकाम्लात क्रोमोट्रॉपिक आम्ल घालायचं. मिथेनॉल असेल तर जांभळा रंग येतो. इथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात सगळं झकास चाललं. मग प्रकल्प करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने गोव्यातून घेतलेल्या काजूच्या फेणीवर चाचणी केली. फिकट का होईना, जांभळा रंग आला.

फेणीत कोणी विष घातलेलं नव्हतं. फळात पेक्टिन असतं आणि ते आंबताना तुटून थोडं मिथेनॉल नैसर्गिकपणेच तयार होतं. म्हणजे आमची चाचणी 'मिथेनॉल आहे' असं खरंच सांगत होती, पण पोलिसाला जे हवं होतं ते सांगत नव्हती. त्याला हवं होतं 'घातक आहे का'. त्या दिवसापासून 'आहे/नाही' हा निकाल आम्ही फेकून दिला आणि पातळीचा उंबरठा ठरवायला बसलो. पेपरचा सगळ्यात चांगला भाग तोच झाला. फेणी चाखून नव्हे, मोजून सापडलेला.

आणखी एक ब्लँक त्याच आठवड्यात वाढला: परमँगनेट न घालता चाचणी करायची. त्यातही रंग आला तर नमुन्यात फॉर्माल्डिहाइड आधीपासूनच आहे, मिथेनॉलचा त्यात काही हात नाही.

प्रमाणीकरण: आर-स्क्वेअरच्या पलीकडे

कॅलिब्रेशनचा (ज्ञात प्रमाणांच्या नमुन्यांचा) आलेख काढून आर-स्क्वेअर (ठिपके रेषेला किती जुळतात त्याचा आकडा) ०.९९ लिहिलं की झालं, असं समजू नका. शोधमर्यादा (ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण) आणि मापनमर्यादा (खात्रीने मोजता येणारं सगळ्यात कमी प्रमाण) काढायची सूत्रं सगळ्यांना पाठ असतात: प्रमाण विचलन भागिले रेषेचा चढ, गुणिले ३.३ किंवा १०. सूत्रातून आलेला आकडा खरा आहे का, हे त्या पातळीचे नमुने बनवून तपासणारे थोडे. ते तपासा. परीक्षक, म्हणजे नियतकालिकाने पेपर तपासायला नेमलेले तज्ज्ञ, विचारतातच.

त्याशिवाय एकाच दिवशीची आणि वेगवेगळ्या दिवसांची पुनरावृत्ती हवी, दुसऱ्या माणसाच्या हातून केलेली चाचणी हवी, खऱ्या दारूत ठरावीक मिथेनॉल घालून ते किती परत सापडतं ते हवं. आणि नमुना तीन दिवस प्लास्टिकच्या बाटलीत राहिला तर काय होतं, तेही. मार्शची आठवण ठेवा.

आमचा मोबाइलचा किस्सा इथे सांगायलाच हवा. सकाळी खिडकीपाशी काढलेल्या फोटोंवरून सुरेख सरळ रेषा आली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तेच द्रावण, तीच नळी, तोच फोन, आणि ब्लँकमध्येच मिथेनॉल 'दिसायला' लागलं. फोन आपला शहाणपणा करून व्हाइट बॅलन्स बदलत होता. उपाय निघाला बुटांच्या खोक्यातून: आतून काळा मॅट कागद, वर एलईडीची पट्टी, झाकणाला कॅमेऱ्यापुरतं भोक, फोनचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्कं केलेलं, प्रत्येक फोटोत नळीशेजारी पांढऱ्या कार्डाचा तुकडा. खोक्याची मापं आम्ही पेपरमध्ये छापली. हसू येतं, पण दुसऱ्या गावातल्या माणसाला आमचा प्रयोग तसाच करता येतो तो त्या मापांमुळे.

आता चुकांच्या हिशेबाकडे. समजा तुम्ही तीस नमुने तपासले आणि तीसही बरोबर आले. चुकांचं प्रमाण शून्य? नाही. अशा वेळी एक साधा ठोकताळा आहे: तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा. तीस नमुन्यांत एकही चूक नसेल, तर ९५ टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की चुकांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांहून कमी आहे. एक टक्क्याच्या आत आणायचं तर बिनचूक तीनशे लागतात. हे वाक्य पेपरमध्ये स्वतःहून लिहा. परीक्षकाने काढायची वाट बघू नका.

आणि ते '९९ टक्के' वालं प्रकरण. पाच पेनांच्या शाईचे प्रत्येकी वीस स्पेक्ट्रम म्हणजे शंभर नमुने होत नाहीत, पाचच होतात. एकाच पेनाचे काही स्पेक्ट्रम शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले, तर मॉडेल शाई ओळखत नाही, ते पेन ओळखतं. पेपर फुटल्यावर पहिला नंबर येण्यासारखंच आहे ते. वाटणी पेनांची करा, स्पेक्ट्रमची नको. शिवाय ज्या ब्रँडचं पेन मॉडेलने कधी पाहिलंच नाही ते त्याच्यापुढे टाकून बघा. चांगलं मॉडेल 'माहीत नाही' म्हणतं.

शेवटी आंधळी चाचणी. कुणीतरी तिसऱ्याने क्रमांक टाकून नमुने द्यावेत, उत्तरांची यादी त्याच्या कपाटात राहावी. याला एक रुपयाही लागत नाही, तरी हे फार कमी पेपरांत दिसतं.

लिहिताना

आधी आकृत्या आणि तक्ते पक्के करा, मग पद्धत लिहा, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पद्धत लिहिताना समोर नुकताच रुजू झालेला विश्लेषक बसला आहे असं समजा. 'योग्य प्रमाणात आम्ल घातले' यावर तो काय करणार? मिलिलिटर, तापमान, मिनिटं, कंपनीची श्रेणी, सगळं द्या.

काही गोष्टी मात्र लिहायच्या नसतात. अमली पदार्थ किंवा स्फोटक कसं बनवायचं याची वापरण्याजोगी कृती नको, तुमची चाचणी चुकवायची युक्ती नको. केसमधल्या माणसाची ओळख पटेल असा तपशीलही नको. गाव, तारीख आणि वय एकत्र छापलं तर नाव वेगळं छापायची गरज उरत नाही.

लेखकांची नावं काम सुरू होतानाच कागदावर ठरवा. कोण पहिलं, पत्रव्यवहार कोणाकडे. नंतर यावरून होणारी भांडणं घरच्या वाटणीइतकी वाईट असतात. ज्याने नुसतं मशीन उघडून दिलं त्याला आभार पुरतात. चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही. भाषेसाठी वापरला असेल तर बहुतेक नियतकालिकं तसं जाहीर करायला सांगतात. ऑर्किडचा (संशोधकाची ऑनलाइन ओळख) सोळा अंकी क्रमांक आजच काढून ठेवा, फुकट आहे. साम्यता तपासणीत यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, पण दहा टक्के चोरायची मुभा आहे असा त्याचा अर्थ काढू नका.

कुठे पाठवायचं

एलसेव्हियरचं 'फोरेन्सिक केमिस्ट्री' २०१६ पासून आहे आणि नावाप्रमाणेच आपल्या विषयाला वाहिलेलं आहे. 'फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल' आणि अमेरिकन अकादमीचं 'जर्नल ऑफ फोरेन्सिक सायन्सेस' व्यापक आहेत. अर्थ लावणं, पुराव्याचं वजन अशा अंगाचं काम असेल तर 'सायन्स अँड जस्टिस'. व्हिसेरा, रक्त, विषं असतील तर 'जर्नल ऑफ अॅनालिटिकल टॉक्सिकॉलॉजी', अमली पदार्थांसाठी 'ड्रग टेस्टिंग अँड अॅनालिसिस'. निवडलेल्या नियतकालिकाचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्यासारखा एकही पेपर तिथे नसेल तर तुम्ही नवी वाट काढता आहात असं समजू नका, बहुधा तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

सबस्क्रिप्शनच्या मार्गाने (जिथे पैसे वाचणारे भरतात) छापायला सहसा लेखकाला पैसे पडत नाहीत. ही एवढी साधी गोष्ट माहीत नसल्याने मुलं भलत्या लोकांच्या हाती लागतात. "प्रिय थोर संशोधक" म्हणून मेल येतो, तीन दिवसांत छापून देऊ, यूपीआयने एवढे भरा. असे मेल उडवून टाका. नामांकित नियतकालिकाची हुबेहूब नकली वेबसाइटही असते, म्हणून मेलमधल्या दुव्यावरून कधीच जाऊ नका. स्कोपसच्या यादीतून किंवा क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमधून जा, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) जुळतो का पाहा, संपादक मंडळातल्या एखाद्याच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते बघा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'यादीत होतं' हे उत्तर आता उरलेलं नाही. पीएच.डी. करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की २०२२ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय ते विचारा आणि उगीच घाईने कचऱ्यात पेपर टाकू नका.

एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचं नाही. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

परीक्षकांचं पत्र

चार दिवसांत 'आमच्या कक्षेत बसत नाही' असं उत्तर आलं तर रडू नका, दुसरीकडे पाठवा. आमचंही पहिल्यांदा असंच झालं. दुसऱ्या ठिकाणाहून तीन महिन्यांनी दोन परीक्षकांची मिळून एकोणीस कलमं आली. त्यातलं सातवं होतं, "फोटो कोणत्या प्रकाशात घेतले?" बुटांचं खोकं आधीच पेपरमध्ये होतं, परीक्षकाच्या नजरेतून ते सुटलं होतं. विद्यार्थिनी म्हणाली, "लिहू का, नीट वाचा म्हणून?" मी म्हटलं, नाही. एका परीक्षकाला दिसलं नाही म्हणजे दहा वाचकांना दिसणार नाही. आम्ही आभार मानले, खोक्याचा परिच्छेद वर आणला आणि त्याची आकृती टाकली.

उत्तराचं पत्र असंच लिहायचं. परीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तुमचं उत्तर, त्याखाली बदललेला मजकूर ओळ क्रमांकासह. पटलं नाही तर आकड्यांनिशी नम्रपणे नाही म्हणा. सगळ्यालाच हो म्हणणारा लेखक संपादकाला खटकतो. आणखी प्रयोग मागितले असतील आणि वेळ हवा असेल तर मुदत वाढवून मागा. सहसा मिळते.

पेपर स्वीकारला गेला की पेढे वाटून सगळे मोकळे होतात आणि प्रूफ (छापण्याआधीची तपासणीची प्रत) दोन दिवसांत परत पाठवायचं असतं. तेव्हा फक्त एकक बघा, बाकी नंतर. टंक बदलताना मायक्रोचं ग्रीक अक्षर कधी कधी साधं इंग्रजी 'एम' होऊन बसतं आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. म्हणजे हजारपट. विषाच्या पेपरमध्ये. म्हणून प्रूफ दोघांनी बसून वाचा, एकाने मूळ प्रतीतला आकडा मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं.